सल्ला घ्यावा नेमका, माहिती द्यावी मोजकी



माती परीक्षणासाठी नमुना कसा घ्यावा, हे आपणांस ठाऊकच आहे. शेतात नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे २० ते २५ सें.मी. खोल खड्डे घ्यावयाचे, खड्ड्यांच्या कडेची माती घमेल्यात गोळा करावयाची, ती एकत्र मिसळून ढिगाचे चार भाग करावयाचे, समोरासमोरचे दोन भाग काढून टाकावयाचे आणि असे करीत शेवटी उरलेली अर्धा किलो माती कापडी पिशवीत भरून प्रयोगशाळेत द्यावयाची. एक हेक्टर जमिनीच्या १५ सें.मी. जाडीच्या थरात सुमारे २२ लाख किलो माती असते. त्यातील अर्धा किलो मातीवरून जमिनीची प्रत समजते. प्रयोगशाळा आपल्याकडे ट्रॉलीभर माती मागत नाही आणि आपणही देत नाही.

आज हाच हिशेब मोबाईलवर मिळणाऱ्या कृषी सल्ल्याच्या बाबतीत करण्याची गरज निर्माण झाली आहे. हवामान, कीड-रोग, खते, पाणी, बाजारभाव, पीककर्ज अशा अनेक बाबींसाठी आता अ‍ॅप उपलब्ध आहेत. त्यांपैकी बरेच अ‍ॅप आपल्या शेतापुरता, आपल्या पिकापुरता सल्ला देतात. असा सल्ला उपयुक्त असतो यात शंका नाही. परंतु त्याच्या बदल्यात आपण आपल्या शेताची, पिकाची, घरची आणि पैशाची माहिती देत असतो. ही देवाणघेवाण किती प्रमाणात करावी, कोणती माहिती द्यावी, कोणती राखून ठेवावी आणि त्यासाठी कोणती काळजी घ्यावी, याविषयीची माहिती प्रस्तुत लेखात देण्यात आली आहे.

नेमक्या सल्ल्यास माहिती का लागते?

सर्वसाधारण शिफारस आणि आपल्या शेतापुरती शिफारस यांत मोठा फरक असतो. गव्हाचे उदाहरण घेऊ. बागायती वेळेवर पेरणीच्या गव्हास हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश द्यावे, ही सर्वसाधारण शिफारस आहे. माती परीक्षणात एखाद्या अन्नद्रव्याचे प्रमाण कमी आढळल्यास त्याची मात्रा २५ टक्क्यांनी वाढवावी आणि प्रमाण भरपूर आढळल्यास २५ टक्क्यांनी कमी करावी, असे सांगितले जाते.

समजा, आपल्या जमिनीत स्फुरद भरपूर आहे. तर ६० किलोऐवजी ४५ किलो स्फुरद पुरेसे होते. वाचलेले १५ किलो स्फुरद म्हणजे १६ टक्क्यांचे सिंगल सुपर फॉस्फेट सुमारे ९४ किलो, म्हणजेच हेक्टरी जवळजवळ दोन गोणी. याउलट जस्ताची कमतरता आढळल्यास हेक्टरी २० किलो झिंक सल्फेट देण्याची गरज भासते. सर्वसाधारण शिफारस वाचून हे कळले नसते.

आता या सल्ल्यासाठी कोणती माहिती लागली ते पाहावे. मातीचे आकडे, पीक, वाण, पेरणीची वेळ, ओलिताची सोय आणि क्षेत्र, एवढीच. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिका योजनेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन हे १२ घटक तपासले जातात. हे बारा आकडे कोणाच्या शेतातील आहेत हे माहीत नसतानाही खताची मात्रा काढता येते. त्या हिशेबात आपल्या बँक खात्याचा, आपल्या फोनमधील नातेवाईकांच्या क्रमांकांचा किंवा आपल्या आधार क्रमांकाचा कोठेही उपयोग होत नाही.

यावरून एक गोष्ट लक्षात येते. नेमक्या सल्ल्यासाठी माहिती द्यावीच लागते, पण ती पिकाची द्यावी लागते. पिकाच्या माहितीबरोबर माणसाची माहिती मागितली गेली, तर ती कशासाठी, हे विचारण्याचा आपणांस अधिकार आहे.

आमच्या घरचा अनुभव

माझे थोरले बंधू सांगोला तालुक्यात डाळिंबाची बाग करतात. भगवा वाणाची झाडे आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एक मोफत अ‍ॅप घेतले. अ‍ॅपचा फायदा झाला हे प्रथम नमूद केले पाहिजे. तेलकट डाग रोगास पोषक हवामानाचा इशारा त्यांना वेळेवर मिळत गेला, आणि नुसत्या भीतीपोटी होणाऱ्या काही फवारण्या टळल्या.

काढणीस पंधरा दिवस असताना एका अनोळखी खरेदीदाराचा फोन आला. बागेत झाडे किती, बहार कधी धरला, माल साधारण किती निघेल, हे त्यालाच ठाऊक होते. त्याने सांगितलेला भाव बाजारापेक्षा बराच खाली होता. दादांनी नकार दिल्यावर तो म्हणाला, “माल किती दिवस थांबवणार? पुढच्या महिन्यात तुमचा कर्जाचा हप्ता आहे.”

ही माहिती त्याला कोठून मिळाली, हे आम्हांस आजही सांगता येणार नाही. ती रोपवाटिकेतून, औषध दुकानातून, गावातील एखाद्या ओळखीच्या माणसाकडून किंवा त्या अ‍ॅपमधूनही गेलेली असू शकते. पुरावा नसताना कोणावर ठपका ठेवणे योग्य नाही. परंतु त्या रात्री आम्ही दोघे वही घेऊन बसलो आणि अ‍ॅपमध्ये काय काय भरले होते याची यादी केली. एकूण २६ बाबी निघाल्या. त्यांतील सल्ल्यासाठी खरोखर लागतील अशा ९ होत्या. उरलेल्या १७ बाबींत घरातील माणसे, जनावरे, एकूण जमीन, कर्ज कोणत्या बँकेचे, हप्ता कधी, मागील वर्षी माल कोणास विकला, किती भावाने विकला, असे सर्व काही होते. यादी वाचून दादा म्हणाले, “कोणी चोरलं नाही रे. आपणच आपल्या हातानं भरून दिलंय सगळं.”

त्या हंगामात दादांनी माल थांबविला आणि चार दिवस उशिरा का होईना, पण बाजारभावाने विकला. सर्वांनाच असे थांबता येत नाही. डाळिंब झाडावर फार काळ ठेवल्यास तडकते, टोमॅटो पिकून जातो, द्राक्षास पावसाची भीती असते. नाशवंत मालाचा काढणीचा दिवस आणि पैशाची निकड या दोन गोष्टी खरेदीदारास आधी कळल्या, तर सौद्यात आपली बाजू कमकुवत होते. खासगीपणा म्हणजे शहरातील सुशिक्षितांची चैन, असा समज असल्यास तो दूर करावा. शेतकऱ्याच्या बाबतीत त्याचा संबंध थेट मालाच्या भावाशी येतो.

झाकली मूठ आणि रुमालाखालचा सौदा

आपल्याकडे ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ अशी म्हण आहे. जुन्या बाजारांत रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची पद्धत होती. दलाल आणि व्यापारी यांना भाव कळे, पण ज्याचा माल असे त्या शेतकऱ्यास कळत नसे. शेतकऱ्यांचे होणारे नुकसान लक्षात घेऊन नियंत्रित बाजारांत उघड लिलावाची पद्धत आणण्यात आली. व्यवहारात दोन्ही बाजूंना सारखीच माहिती असावी, हा त्यामागील हेतू होता.

माहिती गोळा करणाऱ्या सेवांमुळे हा तोल पुन्हा बिघडू शकतो. शेतकऱ्याचे पीक, क्षेत्र, काढणीची तारीख आणि निकड समोरच्याला माहीत, पण त्याच्याकडील मागणी, साठा आणि त्याला परवडणारा भाव शेतकऱ्यास माहीत नाही, अशी स्थिती निर्माण होते. म्हणजे एक हात उघडा आणि दुसरा रुमालाखाली.

येथे एक शंका येणे साहजिक आहे. सातबारा तर संकेतस्थळावर कोणासही पाहता येतो, पीक रस्त्यावरून दिसते, मग लपविण्यासारखे राहिले काय? शंका रास्त आहे. सुटी-सुटी माहिती पूर्वीही गावात सर्वांना असे. फरक पडतो तो ती एकत्र जोडली गेल्याने. सातबाऱ्यावरून क्षेत्र, बहाराच्या तारखेवरून काढणीची वेळ (भगवा वाणाचे फळ फुलोऱ्यापासून साधारण सहा महिन्यांत काढणीस येते), खरेदी केलेल्या औषधांवरून रोगाचे प्रमाण, कर्जाच्या नोंदीवरून निकड आणि फोन क्रमांकावरून थेट संपर्क, हे सर्व एका ठिकाणी आले की त्याचा अर्थ बदलतो. त्यातही एका शेतकऱ्याऐवजी तालुक्यातील हजारो शेतकऱ्यांची अशी माहिती एकाच कंपनीकडे असेल, तर बाजारात माल किती आणि कधी येणार याचा अंदाज तिला सर्वांच्या आधी बांधता येतो.

ही भीती केवळ आपल्याकडील नाही. अमेरिकेत २०१३ साली मोन्सॅन्टो या बियाणे कंपनीने शेतातील हवामान व उत्पादनाच्या माहितीवर सल्ला देणारी क्लायमेट कॉर्पोरेशन ही कंपनी विकत घेतली. जी कंपनी बियाणे विकते तिच्याकडेच आपल्या उत्पादनाचे आकडे जाणार, यावर तेथील शेतकऱ्यांत मोठी चर्चा झाली. नोव्हेंबर २०१४ मध्ये अमेरिकन फार्म ब्युरो या शेतकरी संघटनेने इतर संघटना व कंपन्यांसह शेतीच्या माहितीविषयी तत्त्वे जाहीर केली. शेतात तयार होणाऱ्या माहितीवर मालकी शेतकऱ्याची असावी, ती गोळा करताना त्याची स्पष्ट संमती घ्यावी आणि कंपनीने ती माहिती शेतमालाच्या बाजारात सट्टा करण्यासाठी वापरू नये, अशी ती तत्त्वे होती. युरोपातही एप्रिल २०१८ मध्ये शेतकरी संघटना आणि कंपन्यांनी अशीच आचारसंहिता स्वीकारली. ही तत्त्वे स्वेच्छेची होती, म्हणजेच करारात लिहिले तरच त्यांचा उपयोग. तरीही त्या शेतकऱ्यांनी अ‍ॅप आणि यंत्रे टाकून दिली नाहीत. त्यांनी अटी मागितल्या. आपणही तेच करावे.

कोणत्या सेवेस किती माहिती पुरते?

खतांप्रमाणे माहितीचीही शिफारस केलेली मात्रा ठरवून घ्यावी. काही नेहमीच्या सेवांसाठी ती पुढीलप्रमाणे आहे.

१. हवामानाचा अंदाज : जिल्हा किंवा तालुका पुरतो. भारतीय हवामान विभागाचा कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी प्रसिद्ध होतो व २०१९ साली सुरू झालेल्या मेघदूत अ‍ॅपवर पाहता येतो. यासाठी सातबाऱ्याची गरज नाही.

२. खताची मात्रा : माती परीक्षणाचे आकडे, पीक, वाण, पेरणीची वेळ, ओलिताची सोय आणि क्षेत्र. आधार, बँक खाते, संपर्क यादी यांची गरज नाही.

३. कीड-रोगाची ओळख : पानाच्या वरच्या व खालच्या बाजूची छायाचित्रे, पिकाचे वय, तालुका. छायाचित्र काढण्यासाठी कॅमेऱ्याची परवानगी लागते. मायक्रोफोन, संदेश आणि संपर्क यादी यांची परवानगी लागत नाही.

४. किडीचा इशारा : कपाशीवरील गुलाबी बोंडअळीसाठी पेरणीची तारीख आणि कामगंध सापळ्यांतील पतंगांची संख्या लागते. सलग तीन दिवस प्रत्येक सापळ्यात सरासरी ८ पतंग आढळल्यास नुकसानीची पातळी समजतात. हा हिशेब वहीतही करता येतो.

५. बाजारभाव : पीक आणि बाजार समितीचे नाव. आपल्याकडे माल किती आहे आणि तो कधी निघणार, हे भाव पाहण्यासाठी सांगण्याची गरज नाही.

६. कर्ज : येथे ओळख, जमीन आणि उत्पन्नाची माहिती द्यावीच लागते. परंतु रिझर्व्ह बँकेने २०२२ साली घालून दिलेल्या आणि २०२५ च्या निर्देशांत कायम ठेवलेल्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्या अ‍ॅपने फोनमधील संपर्क यादी, कॉलची नोंद आणि छायाचित्रे-फाईल यांना हात लावावयाचा नाही. ओळख पटविण्यासाठी कॅमेरा, मायक्रोफोन किंवा लोकेशन एकदाच आणि आपल्या स्पष्ट संमतीनेच वापरता येते. संपर्क यादी मागणारे कर्जाचे अ‍ॅप ताबडतोब काढून टाकावे.

एक महत्त्वाची सूचना येथे करावीशी वाटते. माहिती राखून ठेवण्यासाठी काही शेतकरी अ‍ॅपमध्ये पेरणीची तारीख किंवा वाण चुकीचा भरतात. असे करू नये. पेरणीची तारीख पंधरा दिवसांनी चुकली तर फवारणीचा सल्लाही पंधरा दिवसांनी चुकेल. जी माहिती सल्ल्यास आवश्यक आहे ती खरी द्यावी, जी आवश्यक नाही तो रकाना रिकामा ठेवावा. रकाना रिकामा ठेवल्यास अ‍ॅप पुढे जात नसेल, तर असे अ‍ॅप वापरावे काय, याचा विचार करावा.

लोकेशन किती अचूक द्यावे?

शेताचे ठिकाण अक्षांश-रेखांशाने दाखविले जाते. दशांश चिन्हानंतर किती आकडे दिले यावर अचूकता ठरते. अक्षांशाच्या बाबतीत हे प्रमाण साधारणपणे असे आहे :

एक आकडा : सुमारे ११ किलोमीटर
दोन आकडे : सुमारे १.१ किलोमीटर
तीन आकडे : सुमारे ११० मीटर
चार आकडे : सुमारे ११ मीटर
पाच आकडे : सुमारे १.१ मीटर

पावसाच्या अंदाजासाठी एक-दोन आकडे पुरतात, म्हणजे गाव कळले तरी भागते. उपग्रहाच्या छायाचित्रावरून पिकाचा हिरवेपणा किंवा पाण्याचा ताण पाहावयाचा असल्यास मात्र बांधापर्यंत अचूक सीमा द्याव्या लागतात. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या छायाचित्रात एक ठिपका १० मीटर लांब व १० मीटर रुंद जागेचा असतो. हे क्षेत्र जवळजवळ एक गुंठा होते. म्हणजे एक एकराचे शेत सुमारे ४० ठिपक्यांत दिसते. या सेवेसाठी शेताच्या सीमा देणे योग्यच आहे, पण फोन चोवीस तास आपल्याबरोबर कोठे कोठे फिरतो, हे देण्याचे कारण नाही. शेत जागेवरच असते, फिरतो तो शेतकरी.

अलीकडच्या स्मार्टफोनमध्ये लोकेशनची परवानगी देताना ‘अचूक’ आणि ‘अंदाजे’ असे दोन पर्याय येतात. ‘अंदाजे’ निवडल्यास अ‍ॅपला साधारण तीन चौरस किलोमीटरचा परिसर समजतो. हवामान व बाजारभावासाठी हाच पर्याय निवडावा. शेताची सीमा आखताना ‘फक्त या वेळी’ असा पर्याय निवडून अचूक लोकेशन द्यावे आणि काम झाल्यावर बंद करावे. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधील लोकेशनची नोंद चालू असल्यास छायाचित्राबरोबर ठिकाणही जाऊ शकते, त्यामुळे तीही तपासावी.

कायदा काय सांगतो?

खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ हा कायदा संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित करण्यात आले. कायद्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने ठेवण्यात आली असून संमती व हक्कांविषयीच्या प्रमुख तरतुदींसाठी १८ महिन्यांची, म्हणजे मे २०२७ पर्यंतची मुदत नियमांत दिली आहे. शेतकऱ्यांनी त्यातील पुढील बाबी लक्षात ठेवाव्यात.

माहिती घेण्यापूर्वी कोणती माहिती आणि कशासाठी घेतली जात आहे, याची सूचना दिली पाहिजे. ही सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय असला पाहिजे. संमती स्वेच्छेची व स्पष्ट असावी आणि त्या कामास आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती असावी. कायद्यातच एक उदाहरण दिले आहे. फोनवर वैद्यकीय सल्ला देणाऱ्या अ‍ॅपने संपर्क यादीचीही संमती घेतली, तरी सल्ल्यासाठी ती यादी आवश्यक नसल्याने ती संमती वैद्यकीय सेवेपुरतीच धरली जाईल. हाच न्याय पिकाच्या डॉक्टरलाही लागू पडतो.

दिलेली संमती परत घेता येते, आणि ती देणे जितके सोपे होते तितकेच परत घेणे सोपे असले पाहिजे. आपली माहिती पाहण्याचा, दुरुस्त करण्याचा आणि पुसून टाकण्यास सांगण्याचा हक्कही या कायद्यात आहे. कायदा मोडणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

शासकीय नोंदी आणि खासगी अ‍ॅप

या दोहोंत गल्लत करू नये. शासनाने अनुदान व लाभ देण्यासाठी माहिती वापरण्याबाबत कायद्यात वेगळी तरतूद आहे. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीद्वारे शेतकरी स्वतः पिकाची नोंद करू लागले. अ‍ॅग्रिस्टॅक योजनेतून मिळणारा शेतकरी ओळख क्रमांक १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांच्या लाभासाठी अनिवार्य करण्यात आला. या नोंदी वेळेवर व बिनचूक कराव्यात. त्या टाळल्यास नुकसान भरपाई आणि योजनांच्या लाभात अडचण येऊ शकते.

मात्र योजनेसाठी दिलेला शेतकरी ओळख क्रमांक, आधार किंवा बँक पासबुकाचे छायाचित्र खते-औषधे विकणाऱ्या किंवा नुसता सल्ला देणाऱ्या अ‍ॅपला देण्याची आवश्यकता नसते. ओळखीचा पुरावा द्यावाच लागल्यास शक्य तेथे ज्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात असे मास्क केलेले आधार द्यावे.

अ‍ॅप घेताना व वापरताना घ्यावयाची काळजी

१. अ‍ॅप कोण चालविते ते पाहावे. ते मोफत असल्यास खर्च कोठून निघतो, हे विचारावे. निविष्ठा विकणारी, माल खरेदी करणारी किंवा कर्ज देणारी कंपनी सल्लाही देत असेल, तर सल्ला घेण्यास हरकत नाही. पण भाव, साठा आणि निकड यांची माहिती तिला देऊ नये.

२. अ‍ॅप उघडताच येणाऱ्या सर्व परवानग्यांना ‘होय’ म्हणू नये. प्रत्येक परवानगी वाचावी आणि कामापुरतीच द्यावी.

३. माहिती इतर कंपन्यांना देण्याची संमती वेगळ्या चौकटीत विचारली असल्यास ती चौकट मोकळी ठेवावी.

४. हंगामाच्या सुरुवातीस व शेवटी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन परवानग्या तपासाव्यात. पंपाचा व्हॉल्व्ह जसा पाणी दिल्यावर बंद करतो, तशी गरज संपलेली परवानगी बंद करावी.

५. अ‍ॅप फोनमधून काढून टाकल्याने कंपनीकडील माहिती पुसली जात नाही. म्हणून आधी अ‍ॅपमधील खाते बंद करावे, माहिती पुसण्याची विनंती लेखी करावी व नंतर अ‍ॅप काढावे.

६. गावातील व्हॉट्सॲप गटावर सातबारा, पासबुक, आधार किंवा लाभार्थ्यांच्या याद्या टाकू नयेत. ती माहिती आपल्या एकट्याची नसते.

७. योजनेचा हप्ता अडकल्याचे किंवा केवायसी करावयाचे निमित्त सांगून व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाईल कधीही उघडू नये. ओटीपी कोणासही सांगू नये. आर्थिक फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

८. शेतकरी गट किंवा उत्पादक कंपनीने एखाद्या सल्ला सेवेशी करार करताना तीन अटी लिहून घ्याव्यात : माहिती सल्ल्याव्यतिरिक्त वापरली जाणार नाही, खरेदीदारास किंवा निविष्ठा विक्रेत्यास दिली जाणार नाही, आणि करार संपल्यावर ती सभासदांस परत देऊन पुसली जाईल. एकट्या शेतकऱ्यास अशा अटी घालता येत नाहीत, गटास येतात.

ज्यांना अ‍ॅप न वापरता सल्ला हवा आहे त्यांच्यासाठीही मार्ग मोकळा आहे. २००४ साली सुरू झालेल्या किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर सल्ला मिळतो. आपले कृषी विज्ञान केंद्र, सहायक कृषी अधिकारी आणि विद्यापीठातील विषयतज्ज्ञ यांच्याकडे पान, माती घेऊन प्रत्यक्ष जाता येते.

शेवटी

आमच्या दादांनी अ‍ॅप सोडलेले नाही. त्यांनी जुने खाते बंद करून नव्याने नोंदणी केली आणि या वेळी फक्त नऊ बाबी भरल्या. तेलकट डागाचा इशारा पूर्वीसारखाच वेळेवर येतो.

आपणही या आठवड्यात एक संध्याकाळ काढावी. बहुतेक घरांत फोन मुले किंवा सुना हाताळतात, तेव्हा त्यांनाही बरोबर घ्यावे. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारावी. डावीकडे प्रत्येक अ‍ॅपमध्ये भरलेली माहिती व दिलेल्या परवानग्या लिहाव्यात आणि उजवीकडे त्या बदल्यात मिळणारा सल्ला लिहावा. ज्या माहितीसमोर उजवीकडे काहीच लिहिता येत नाही, ती माहिती काढून घ्यावी. काढणीचा दिवस, मालाचा अंदाज आणि पैशाची निकड या तीन बाबी मात्र सौदा होईपर्यंत घरातच ठेवाव्यात.